शस्त्रक्रियेनंतरचे दुसरे बाळंतपण : घरी किती थांबावे?

(जेऊर, ता. करमाळा येथे पंचायत सदस्य, शिक्षक व आरोग्य कर्मचारी यांच्यासमोर एका निवृत्त महिला वैद्यकीय अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



आजचा विषय पुरुषांच्या सभेत सहसा निघत नाही. बाळंतपण ही बायकांची बाब, असे म्हणून पुरुष मंडळी ओसरीवर बसतात. परंतु अपरात्री गाडी कोणाची काढावयाची, निघावयाचे की उजाडेपर्यंत थांबावयाचे, हे निर्णय त्या ओसरीवरच होतात. म्हणून आपण सर्वांनी हे ऐकावे, अशी माझी विनंती आहे.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील दर शंभर बाळंतपणांपैकी सुमारे पंचवीस शस्त्रक्रियेने, म्हणजे आपण ज्याला 'सिझर' म्हणतो त्या मार्गाने झाली. याचा अर्थ असा की, पहिल्या खेपेला सिझर झालेली आणि आता दुसऱ्यांदा दिवस राहिलेली सून आज प्रत्येक गावात आहे. ती एक प्रश्न हळूच विचारते. "बाई, या वेळी नीट होईल का? आणि कळा घरीच काढून अगदी शेवटी दवाखान्यात गेले, तर पुन्हा पोट फाडणे टळेल ना?"

हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. जिचे पूर्वी सिझर झालेले नाही आणि जिची प्रकृती उत्तम आहे, अशा स्त्रीने कळांच्या सुरुवातीचा काळ घरी हिंडत-फिरत, थोडेफार खात-पीत काढला तर त्यात वावगे काही नाही. लवकर दाखल झाले की घाई होते आणि घाईतून शस्त्रक्रिया होते, हा बायकांचा अनुभवही सर्वस्वी खोटा आहे असे मला म्हणवत नाही. प्रश्न एवढाच की, जिच्या गर्भाशयावर एक जुना व्रण आहे, तिला हाच हिशेब लागू पडतो काय?

एकदा सिझर झाले की पुढे प्रत्येक वेळी सिझरच, हा विचार न्यू यॉर्कचे डॉक्टर एडविन क्रॅगिन यांनी १९१६ साली मांडला. त्या काळी गर्भाशयाच्या वरच्या जाड भागावर उभा छेद घेत, आणि तो व्रण पुढच्या कळांत उसवण्याची भीती मोठी होती. पुढे १९२० नंतरच्या दशकात ग्लासगोचे मन्रो केर यांनी खालच्या पातळ भागावरील आडव्या छेदाचा पुरस्कार केला. हा व्रण पुष्कळच टिकाऊ ठरला. म्हणून आज, छेद आडवा असेल आणि इतर अडचण नसेल, तर प्रयत्न करणाऱ्या शंभर स्त्रियांपैकी साठ ते ऐंशी जणींचे बाळंतपण नैसर्गिक रीतीने होते. पहिले मूल पायाळू होते म्हणून सिझर झाले असेल आणि या वेळी डोके खाली असेल, तर आशा अधिक. पूर्वी एखादे बाळंतपण नैसर्गिक झालेले असेल तर त्याहूनही अधिक. उलट, सिझरवर सिझर होत गेले की पुढच्या खेपेस वार जुन्या व्रणात रुतून बसण्याचा धोका वाढत जातो. तेव्हा "या वेळी नीट होईल का?" याचे उत्तर पुष्कळदा "होय" असेच आहे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र "नाही" असे आहे.

आडवा व्रण कळांमध्ये उसवण्याचे प्रमाण दोनशेत एक एवढे अल्प आहे. पण तो उसवला की बाळाचा प्राणवायू तुटतो आणि हाताशी अर्धा तासही राहत नाही. जेऊरहून करमाळ्याचे उपजिल्हा रुग्णालय वीस-पंचवीस किलोमीटर, सोलापूर शंभराहून अधिक. त्यात उसाचा हंगाम असला की रस्त्यावर ट्रॉल्यांची रांग! इंग्लंडमधील स्त्रीरोगतज्ज्ञांच्या महाविद्यालयाने २०१५ च्या मार्गदर्शनात अशा स्त्रीच्या कळा तत्काळ शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात, बाळाच्या ठोक्यांवर सतत लक्ष ठेवून पार पाडाव्यात, असेच सांगितले आहे. आणि त्यांची रुग्णालये आपल्यापेक्षा जवळ आहेत.

मी पाहिलेली एक हकीकत सांगते. गावाचे नाव घेत नाही. पहिले बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी, सिझरने. दुसरे सासरी, उसातील वस्तीवर. रात्रीपासून कळा. सासू प्रेमळ होती, तिने सुनेला चहा दिला, पाठ चोळली, अंगणात फिरवले. सकाळी कळा जोराच्या याव्यात म्हणून कोणीतरी इंजेक्शन टोचले. तासाभराने कळा एकाएकी थांबल्या आणि घरात सर्वांना हायसे वाटले. ते हायसे वाटणेच घातक होते. गर्भाशय फाटले होते. बाई वाचली, पण पिशवी काढावी लागली. बाळ हाती लागले नाही. तिसऱ्या दिवशी तिचा भाऊ माहेरून पहिल्या शस्त्रक्रियेचा कागद घेऊन आला. छेद उभा होता, आणि पुढील बाळंतपण शस्त्रक्रियेनेच व्हावे, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. तो कागद आईच्या ट्रंकेत लुगड्यांखाली दोन वर्षे सुरक्षित होता!

पोटावरचा व्रण आडवा दिसतो म्हणून आतील छेदही आडवाच असेल, असे नाही. ते केवळ कागद सांगतो. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची आपली रीत चांगली आहे, पण त्या रीतीत कागद माहेरी राहतो आणि धोका सासरी येतो. सून माहेराहून परतताना बाळंतविड्याबरोबर हा कागद यावा. शिक्षक बंधूंनी एवढे करावे : आपल्या शाळेत ज्यांची मुले येतात त्या घरांतून कागदाचे छायाचित्र भ्रमणध्वनीवर घ्यावयास लावावे आणि आशाताईंकडे एक प्रत ठेवावी.

मग घरी थांबावयाचेच नाही काय? थांबावे, परंतु ते घर रुग्णालयाजवळचे असावे. करमाळ्यास, सोलापुरास कोणाची मावशी, कोणाची नणंद असतेच. शेवटचे दोन आठवडे तेथे काढावेत. त्याआधी, दर महिन्याच्या ९ तारखेस होणाऱ्या मोफत तपासणीत डॉक्टरांना कागद दाखवून निर्णय घ्यावा. रुग्णालय निवडताना, रात्री भूलतज्ज्ञ येतात काय आणि रक्त कोठून मिळते, हे निःसंकोचपणे विचारावे. आधीच्या शस्त्रक्रियेस दीड वर्षही झाले नसेल तर विशेष सावध राहावे. कळा नियमित झाल्या की, पाणमोट फुटली की, अंगावरून रक्त गेले की, दोन कळांच्या मध्येही दुखत राहिले की, अथवा बाळाची हालचाल मंदावली की, त्याच क्षणी निघावे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ पासून राज्यात आहे. शासकीय रुग्णालयात जाणे-येणे, औषधे व शस्त्रक्रिया २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमान्वये विनामूल्य आहेत. कळा वाढविण्याचे इंजेक्शन घरी कोणीही घेऊ नये, देऊ नये.

येथे उपस्थित अधिकारीवर्गास एक गोष्ट स्पष्ट बोलते. बाई घरी का थांबते? दवाखान्यात तिला पलंगावर पाडून ठेवतील, सोबतच्या बाईला बाहेर काढतील आणि पहिल्या सबबीवर कापतील, ही तिची भीती असते. तिला लवकर यावयास सांगावयाचे असेल, तर आल्यावर हिंडू द्यावे, सोबतीण जवळ बसू द्यावी, आणि प्रकृती ठीक असेल तोवर धीर धरावा. नुसत्या फलकांनी हे साधणार नाही.

पंचायतीकडे ग्राम आरोग्य, पोषण व स्वच्छता समितीचा अबंधित निधी असतो. वस्तीवरून डांबरी रस्त्यापर्यंत रात्री बाई आणण्यासाठी लागणारे वाहन त्यातून ठरवून ठेवता येईल काय, हे सरपंचांनी आजच्या आजच पाहावे. आशाताईंनी आपापल्या वस्त्यांवरील पूर्वी सिझर झालेल्या गरोदर स्त्रियांची नावे लिहून आणली आहेत, असे मला कळले. ती यादी मला द्यावी; सभा संपल्यावर मी येथेच बसणार आहे, आणि ज्यांचे कागद बरोबर आहेत त्यांचे प्रथम पाहू.