ऑक्सिमीटरवर ९८, तरी आईला धाप का?

आजचा विषय रक्तातला ऑक्सिजन. सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो.

आईला दोन जिने चढले की धाप लागायची. करोनात घेतलेला ऑक्सिमीटर घरात होता. बोटाला लावला, आकडा आला ९८. मी म्हणालो, "आई, ऑक्सिजन एकदम मस्त आहे तुझा. वयाचं असेल." ती गप्प बसली. दोन महिन्यांनी रक्त तपासलं, तर हिमोग्लोबिन ७!

मी दिवसभर आकड्यांत काम करणारा माणूस. पण हे टक्के कशाचे, एवढं साधं विचारलं नव्हतं.

बघा, रक्तात ऑक्सिजन नुसता फारसा विरघळत नाही. १०० मिलिलिटर रक्तात जेमतेम ०.३ मिलिलिटर. बाकी सगळी वाहतूक हिमोग्लोबिनची, आणि ते असतं तांबड्या पेशींत. त्याच्या एका रेणूत लोहाचे चार अणू, म्हणजे ऑक्सिजनसाठी चार जागा. एक भरली की रेणूचा आकार किंचित बदलतो आणि पुढच्या जागा पटापट भरतात. हे फुफ्फुसात होतं. राबणाऱ्या स्नायूंत उष्णता आणि आम्लता जास्त, तिथे पकड सैल होते आणि ऑक्सिजन उतरतो.

ऑक्सिमीटर सांगतो, आहेत त्या जागांपैकी किती भरल्या. एसटीच्या सगळ्या सीट भरलेल्या आहेत, पण डेपोतून गाड्याच निम्म्या सुटल्यात, तर माणसं किती पोचणार?

हिशोब करू. १ ग्रॅम हिमोग्लोबिन साधारण १.३४ मिलिलिटर ऑक्सिजन वाहतं. हिमोग्लोबिन १४ असेल तर १०० मिलिलिटर रक्तात साधारण १८ मिलिलिटर ऑक्सिजन. ७ असेल तर ९. मशीनवर दोन्ही वेळा ९८च! कमी पडलेलं भरून काढायला हृदय जोरात धावतं. बसल्या जागी निभावतं, जिन्यावर नाही.

डॉक्टरांनी विचारल्यावर कळलं, वर्षभर पाळीत खूप रक्त जात होतं. तिने मला सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं. त्यावर उपचार झाले, लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, त्यामुळे नवा साठा तयार व्हायला काही महिने गेले. आता ती जिन्यात थांबत नाही.

घरात कुणी सारखं दमत असेल, तर ऑक्सिमीटरवर विसंबू नका. डॉक्टरांना दाखवा, सीबीसी करून घ्या. आणि गोळ्या मनाने सुरू करू नका, रक्त कशाने कमी झालं ते आधी शोधायला हवं.

भेटू पुढच्या भागात.