आधी पाण्याचा हिशेब

जालना एमआयडीसीच्या आसपासच्या एखाद्या शाळेचं स्काऊट पथक शिबिराला निघायचं ठरलं, की पहिली चर्चा होते ती जागेची. गौताळा की लोणार? मग गाडी, मग वर्गणी, मग टी-शर्टचा रंग. पाण्याचा विषय आदल्या संध्याकाळी निघतो आणि ‘तिथं मिळेलच की’ एवढ्यावर मिटतो. माझ्या मते आखणीची सुरुवात पाण्यापासून व्हावी आणि ती पोरांनीच करावी. आठ-आठ जणांचे चार संघ धरा. म्हणजे ३२ मुलं आणि सोबत चार मोठी माणसं. आपत्तीतल्या छावण्यांत पिणं, स्वयंपाक आणि अंगाची स्वच्छता मिळून माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी धरतात. त्या मापानं तीन दिवसांचं पाणी झालं १,६२० लिटर, म्हणजे वीस लिटरचे ८१ जार! हा आकडा फळ्यावर लिहिला की जागेचा वाद निम्मा तिथंच संपतो. चालू नळ किंवा हापसा जिथं असेल, तिथंच राहुट्या. महिनाही ठरून जातो. पावसाळ्यानंतर विहिरींना पाणी असतं ते नोव्हेंबर ते जानेवारी. मे महिन्यात मराठवाड्यात मुलांना तंबूत ठेवायचा विचारही नको.

यावर कुणी म्हणेल, मग अभयारण्यातच मुक्काम करू, झाडी आहे, पाणी आहे. पण गौताळा काय किंवा लोणार काय, दोन्ही अभयारण्यं. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तिथं शिरायलाच परवाना लागतो आणि जंगलाला धोका होईल अशी आग पेटवायला बंदी आहे. म्हणजे शेकोटी गेली, आणि शेकोटीवाचून शिबिर ही कल्पनाच पोरांना सहन होणार नाही. गौताळ्यात बिबट्याही आहे, ते वेगळंच. तेव्हा मुक्काम हद्दीबाहेर, जवळच्या गावातल्या शाळेच्या मैदानावर, ग्रामपंचायतीला रीतसर अर्ज देऊन करावा आणि दिवस जंगलात, गौताळ्यातल्या पितळखोऱ्याच्या लेण्यांत घालवावा. यात मजा कमी होते असं मला वाटत नाही. रात्रीच्या जंगलात तंबूबाहेर पाय टाकायची मुभा कुणाला असते?

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. एवढ्या लहान मुलांवर आखणी कशी सोपवायची? स्काऊट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी १९०७च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर वीसेक मुलांचं पहिलं शिबिर भरवलं, तेव्हा चार संघ केले आणि प्रत्येकाची सूत्रं एका मुलाच्या, म्हणजे संघनायकाच्या, हाती दिली. स्काऊटिंग उभं आहे ते याच प्रयोगावर. आणि आपल्याकडची पोरं तर या कामात तयारीची. नळ आला की झोपेतून उठून कॅन, हंडे भरायची सवय ज्या घराला आहे, त्या घरातल्या मुलीला बादलीत किती मावतं हे शिकवावं लागत नाही. परवाने, गाडी, औषधपेटी, पालकांच्या सह्या हे सारं गुरुजींचंच. आईवडील सळईच्या कारखान्यात पाळीवर असतील, तर सह्यांसाठी दोनदा फेरी मारावी लागेल, तीही गुरुजींनीच मारायची. पाण्याचं मोजमाप मात्र संघनायकांचं. दोनशे लिटरच्या पिंपावर खडूनं रेघा ओढाव्यात, दर पन्नास लिटरला एक. दुसऱ्या दिवशी दुपारीच पाणी ठरल्या रेघेखाली गेलं, तर रात्रीची भांडी आधी राखेनं घासून घ्यायची का, हे संघनायकांनी ठरवावं, आणि गुरुजींनी, त्यांना कुणी विचारलं तरच, बोलावं.