सव्वा महिन्याचा हिशेब
(तेल्हारा येथे केलेले भाषण)



बाळंतिणीने सव्वा महिना जपावे, ही शिकवण वऱ्हाडातील घराघरांत आहे. वैद्यकशास्त्र जवळजवळ तेवढीच मुदत सांगते, सहा आठवड्यांची. प्रसूतीतील रक्तस्राव आवरावा म्हणून गर्भवतीचे रक्त गोठण्याची शक्ती निसर्गतःच वाढते. प्रसूतीनंतरही ती काही आठवडे टिकते. क्वचित एखादीच्या मेंदूतून रक्त परत नेणाऱ्या शिरेत गुठळी होते. वाट अडलेले रक्त मागे तुंबते, मेंदूला सूज येते. असह्य डोकेदुखी, उलट्या, झटके, एक बाजू लुळी पडणे, ही त्याची लक्षणे होत.

हा आजार विरळा खरा. परंतु शरीरातील पाणी घटणे, रक्तक्षय आणि जंतुसंसर्ग यांमुळे त्याचा धोका वाढतो, आणि गरिबाच्या घरी या तिन्ही गोष्टी नित्याच्या आहेत. बाळंतिणीला पाणी बेताने द्यावे, ही समजूत अद्याप पुरती गेलेली नाही. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात तर विहिरीचे पाणी तोंडी धरवत नाही. तेथे मातेच्या उशाशी गोड्या पाण्याचा तांब्या असणे हाही अर्थशास्त्राचाच प्रश्न ठरतो.

गुठळी वाढू न देणारे हेपॅरिन हे औषध जुने आहे. वेळेवर उपचार मिळालेल्या बहुसंख्य स्त्रिया बऱ्या होतात. अडते ते निदानापाशी. डोकेदुखी बाळंतपणाचा अशक्तपणा म्हणून अंगावर काढली जाते, झटके आले की अंगारेधुपारे होतात, आणि मग अकोल्याची वाट धरली जाते.

२०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाने सरकारी रुग्णालयातील प्रसूती मोफत केली, हे योग्यच झाले. 'आशा' कार्यकर्ती ४२ व्या दिवसापर्यंत घरी येते; तिचे मुख्य लक्ष बाळाकडे असते. त्याच भेटीत तिने आईला, "डोके दुखते काय?" एवढे विचारावे आणि होकार मिळताच गाडी मिळावी, ही मागणी अवाजवी नाही.

२०१७ च्या दुरुस्तीने सव्वीस आठवड्यांची पगारी रजा आली ती कारखान्या-कचेरीतील स्त्रीसाठी. रोजाने कापूस वेचणारीला सव्वा महिनाही परवडत नाही.

महाराष्ट्रात २०१८-२० या काळात लाख जिवंत जन्मांमागे ३३ मातामृत्यू, असे सरकारी अनुमान आहे. देशाच्या मानाने हा आकडा समाधानाचा वाटेल. परंतु जिचा उजवा हात कायमचा गेला, ती जगली म्हणून या हिशेबात येत नाही. मजुरीवर जगणाऱ्या घरात मात्र तो हातच भांडवल होता. तिची नोंद ज्या दिवशी होईल, त्या दिवशी हा हिशेब खरा होईल.