चौकटीच्या कडेला काय आहे?



हीरकमहोत्सवानिमित्त प्रवासातील छायाचित्रणावर बोलण्याची आज्ञा झाली, तेव्हा प्रथम आठवला तो याच शाळेतील चित्रकलेचा तास. गुरुजी जुन्या वहीच्या पुठ्ठ्यात आयताकृती खिडकी कापायला लावीत आणि आम्हांला मैदानात नेत. एक डोळा मिटून त्या खिडकीतून पाहावयाचे आणि दिसेल तेवढेच कागदावर उतरवावयाचे. पुठ्ठा डोळ्याशी धरला की सारे मैदान त्यात मावे. हात लांब केला की कडुनिंबाची एकच फांदी उरे. छायाचित्राची रचना म्हणजे याहून फार निराळे काही नाही. काय घ्यावयाचे आणि काय वगळावयाचे, एवढेच ठरवावयाचे असते.

उदाहरण म्हणून हंपी घेऊ. विरूपाक्ष मंदिराचे पूर्वेकडील गोपुर नऊ मजली, सुमारे ५० मीटर उंच आहे. त्याच्यासमोरून जुनी बाजारपेठ पूर्वेला पाऊण किलोमीटरच्या आसपास, भल्यामोठ्या दगडी नंदीपर्यंत जाते. दोन्ही बाजूंना दगडी खांबांचे मंडप आहेत. बहुतेक प्रवासी गोपुराच्या पायथ्याशी उभे राहून कॅमेरा वर करतात, आणि चित्रात गोपुर मागे कलंडल्यासारखे दिसते. कारण कॅमेरा तिरका झाला की उभ्या समांतर रेषा वर जाताना एकमेकींकडे झुकतात. त्याऐवजी नंदीच्या दिशेने चालत जावे. तेथून कॅमेरा सरळ धरता येतो आणि मंडपांच्या दोन रांगा पाहणाऱ्याची नजर थेट गोपुरापर्यंत नेतात. सकाळी सूर्य पाठीशी असतो, त्यामुळे गोपुराचा दर्शनी भाग उजळतो. भिंग बदलण्यापूर्वी जागा बदलून पाहावी, हा पहिला धडा.

जवळच्या मातंग टेकडीवर दुसरा धडा मिळतो. क्षितिज चौकटीच्या बरोबर मध्ये ठेवले तर चित्राचे दोन सारखे तुकडे पडतात. आकाश निरभ्र, रिकामे असेल तर क्षितिज वरच्या तृतीयांशावर न्यावे आणि खालच्या शिळांना, देवळांना, हिरवाईला जागा द्यावी. ढग दाटून आले असतील तर ते खाली घ्यावे. मात्र त्या शिळांचा आकार चित्रात कळत नाही. एखादी शिळा हाताएवढी आहे की घराएवढी, हे वाटेने चढणारा एक माणूस चौकटीत आला म्हणजेच उमगते.

आता एक कबुली. मी प्रथम हंपीला गेलो तेव्हा त्या मंडपांत दुकाने होती, घरे होती. ताडपत्र्या होत्या, दोरीवर कपडे वाळत होते. मला हवी होती ती निर्मळ रेषा. म्हणून पहाटे, दुकाने उघडण्यापूर्वी गेलो, दोन्ही कडा छाटल्या आणि मनाजोगते चित्र मिळविले. त्याचे कौतुकही झाले. पुढे २०११ मध्ये ती दुकाने आणि घरे तेथून हटविण्यात आली. वारसा जपावा की नांदता बाजार, हा वाद मोठा आहे. त्यात आज शिरत नाही. नंतर पुन्हा गेलो तेव्हा पेठ रिकामी होती. माझे ते चित्र आता कोणालाही, केव्हाही काढता येत होते. माझ्या संग्रहात त्या गोपुराची अनेक चित्रे आहेत. परंतु पहाटे मला चहा करून देणाऱ्या त्या पेठेतील बाईंचे एकही नाही. रचनेचा नियम चुकला नव्हता. मी कशाकडे पाठ फिरवतो आहे, हे पाहावयाचे राहिले होते.

याच अवशेषांची छायाचित्रे अलेक्झांडर ग्रीनलॉ यांनी १८५६ मध्ये कागदी निगेटिव्हवर टिपली होती. १९८०च्या दशकात जॉन गोलिंग्ज या ऑस्ट्रेलियन छायाचित्रकाराने त्याच जागा शोधून, तेथेच उभे राहून पुन्हा चित्रे घेतली. दोन्ही शेजारी ठेवली की सव्वाशे वर्षांत काय टिकले, काय ढासळले आणि काय सावरले गेले, ते दिसते. छायाचित्र केवळ सुंदर असून भागत नाही. कधीतरी त्याला साक्षही द्यावी लागते.

म्हणून तेव्हापासून मी एक शिस्त पाळतो. नेटके चित्र काढून झाले की दहा पावले मागे येतो आणि कडांसह दुसरे काढतो. त्यावर ठिकाण आणि तारीख नोंदवितो.

या स्मरणिकेसाठी आपल्या शाळेची जुनी छायाचित्रे चाळताना हेच जाणवले. मराठी मुलखाबाहेर साठ वर्षे चाललेल्या या शाळेचे पाहुणे, व्यासपीठ आणि ढाली सर्वत्र मधोमध आहेत. ज्यांच्या घंटेवर आमचे बालपण चालले, ते शिपाईकाका एका चित्रात कडेला सापडले, तेही अर्धेच.

आज समारंभ संपल्यावर आपण सारे छायाचित्रे काढणारच आहोत. व्यासपीठाचे अवश्य काढावे. मग दहा पावले मागे यावे आणि आणखी एक काढावे.