पस्तीस शब्दांची भीती

(हीरकमहोत्सवी माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



बडोद्याच्या या मराठी शाळेतून मी अभियांत्रिकी महाविद्यालयात गेले, तेव्हा पहिल्याच सत्रात ‘सी’ भाषेचा विषय होता. मला त्यातले काही उमगले नाही. प्रात्यक्षिकाचे सगळे प्रोग्रॅम अर्धविरामांसकट पाठ केले आणि उत्तीर्ण झाले. आज प्रथम वर्षाचा तोच विषय मी शिकवते; भाषा तेवढी आता पायथन आहे. वर्गात कोण पाठ करतो आहे, हे मला चटकन ओळखू येते.

मराठी माध्यमातल्या मुलाचे इंग्रजीवाचून अडेल, ही पालकांची चिंता मी नेहमी ऐकते. पायथनचे राखीव शब्द अवघे ३५ आहेत. ‘इफ’, ‘एल्स’, ‘व्हाइल’ हे शब्द आठवड्यात अंगवळणी पडतात. मुले अडखळतात ती निराळ्याच ठिकाणी.

गेल्या वर्षी मी फळ्यावर एक ओळ लिहिली :

एकूण = एकूण + रक्कम

नावे मुद्दाम देवनागरीत लिहिली. २००८ साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीपासून पायथनला ती चालतात. दोन आठवडे तोंड न उघडलेला एक मुलगा मागच्या बाकावरून उठला आणि मराठीत म्हणाला, “बाई, हे समीकरण चुकले आहे. दोन्ही बाजूंतून ‘एकूण’ वजा केले, तर रक्कम शून्य येते.” महाविद्यालयात सगळे मला ‘मॅडम’ म्हणतात. वर्ग हसला.

बीजगणिताच्या दृष्टीने त्याचे म्हणणे पूर्णपणे बरोबर होते. येथे मात्र ते चिन्ह समानता सांगत नाही, आज्ञा देते : आधी उजवीकडचा हिशेब कर, मग येणारे उत्तर डावीकडच्या नावाने ठेव. ‘एकूण’ १० आणि ‘रक्कम’ ५ असेल, तर यापुढे ‘एकूण’ म्हणजे १५. जुने १० गेले. समानता तपासायची असेल, तर तेच चिन्ह दोनदा लिहावे लागते. अल्गोल आणि पास्कल या भाषांत आज्ञेच्या चिन्हाआधी दोन ठिपके देत असत. नवशिक्यांसाठी ते ठिपके राहायला हवे होते, असे माझे मत आहे.

हाच प्रश्न मलाही पहिल्या वर्षी पडला होता. तो विचारण्याजोगे इंग्रजी वाक्य मला जुळवता आले नाही, म्हणून मी ती ओळ पाठ केली. पुढची दोन वर्षे मी अशीच काढली.

त्या दिवशी आम्ही संगणक बंद ठेवले. कागदावर ‘एकूण’ आणि ‘रक्कम’ असे दोन रकाने आखले आणि प्रत्येक आज्ञेनंतर त्यांत काय उरते, ते लिहीत गेलो. वर्गात आता शंका मराठी, गुजराती, हिंदी अशा कोणत्याही भाषेत चालते. पडद्यावर उमटणारा चुकीचा संदेश मात्र इंग्रजीतच वाचायचा, आणि शेवटच्या ओळीपासून, कारण कोणती चूक झाली ते तिथेच लिहिलेले असते. यात मी सवलत देत नाही.

त्या मुलाने पुढे आपल्या प्रकल्पातली नावे आपणहून इंग्रजीत केली. “गटातल्या तमिळ मुलीलाही वाचता यायला हवे,” असे त्याने सांगितले. शंका विचारायला येतो, तेव्हा मात्र अजूनही दारातून ‘बाई’ अशीच हाक मारतो.