चार प्रदेशांचें सरोवर



स्वित्झर्लंड म्हटलें कीं बर्फाचीं शिखरें डोळ्यांपुढें येतात. आज मात्र आपण पाण्याच्या वाटेनें जाऊं. लुसर्न शहरापाशीं सुरू होऊन डोंगरांच्या कुशींत वळणें घेत शिरणारें हें सरोवर समुद्रसपाटीपासून ४३४ मीटर उंचीवर आहे, आणि कोठें कोठें २०० मीटरांहून अधिक खोल आहे. जर्मन भाषेंत त्याला 'चार वनप्रदेशांचें सरोवर' म्हणतात. ऊरी, श्वीत्स, उंटरवाल्डन व लुसर्न हे ते चार प्रदेश. मध्यें डोंगर आडवे; एकमेकांकडे नेणारें काय तें पाणी. पूर्वेकडील कडा फोडून ऊरीपर्यंत काठाची सडक झाली ती १८६५ सालीं.

सप्टेंबरच्या आरंभीं, सकाळीं लवकर निघावें. पाण्यावर धुकें असलें तर रॉइस नदीवरील जुना लांकडी पूल अर्धाच दिसतो. चौदाव्या शतकांतील हा छपराचा पूल सुमारें २०० मीटर लांब. छपराखालीं त्रिकोणी फळ्यांवर सतराव्या शतकांतलीं चित्रें होतीं. १९९३ च्या ऑगस्ट महिन्यांत एका रात्रीं पूल पेटला आणि बहुतेक चित्रें जळून गेलीं. आठ महिन्यांत गांवानें पूल पुन्हां उभा केला. आतां तो जुना कसला, असें कोणी विचारतात. मला हा आक्षेप पटत नाहीं. लांकडाच्या पुलाच्या फळ्या पूर्वींहि बदलतच आल्या असतील.

खालच्या अंगाचा दुसरा पूल चुकवूं नये. गिरणीवाल्यांना नदींत भूस टाकण्याची मुभा याच पुलावरून होती, आणि याच्याच छपराखालीं मृत्यूच्या नृत्याचीं चित्रें आहेत. लहानथोर सर्वांना सांगाडा घेऊन चालला आहे, आणि खालून लोक बाजाराला जात आहेत!

धक्क्यावरून आगबोट निघते. जुन्या, चाकांच्या, वाफेवर चालणाऱ्या पांच आगबोटी येथें अद्याप आहेत. सर्वांत जुनी १९०१ सालची. व्हिट्सनौहून रिगी डोंगरावर १८७१ पासून दांतेरी रुळांची गाडी जाते. आज तिकडे वळावयास वेळ नाहीं.

ब्रुनेनला उतरून श्वीत्स गांव गांठावें. या गांवावरूनच साऱ्या देशाला नांव मिळालें. येथील संग्रहालयांत ऑगस्ट १२९१ च्या आरंभींचें एक लॅटिन चर्मपत्र आहे. संकटांत परस्परांस साह्य करूं. पैसे देऊन पद मिळविलेला किंवा परका न्यायाधीश मानणार नाहीं, असा त्यांत करार आहे. करणारे तिघे, मोहरा तीन. त्यांपैकीं दोनच आज लोंबत आहेत. हरवली ती नेमकी श्वीत्सची! आणि त्या पत्रांत विल्हेल्म टेलचें नांव नाहीं, रूट्लीच्या कुरणाचेंहि नाहीं.

तरीहि पुन्हां ब्रुनेनला येऊन पैलतीरीं रूट्लीला जावेंच. तिघांनीं शपथ घेतली ती येथें, असें लोक मानतात. तेथें मंदिर नाहीं, मोठी कमान नाहीं. उतारावर गवत आहे, झाडें आहेत. १८५९ सालीं येथें हॉटेल होऊं घातलें होतें. तेव्हां वर्गणी काढून, शाळकरी मुलांनींहि पैसे देऊन, तें कुरण विकत घेतलें गेलें आणि कधीं विकतां येणार नाहीं अशा अटीनें राष्ट्राला दिलें. पुढें फ्रान्स पडल्यावर, २५ जुलै १९४० रोजीं, जनरल गीझां यांनीं आपले वरिष्ठ सेनाधिकारी याच गवतावर जमविले आणि शत्रूला शरण न जाण्याचा निश्चय सांगितला. ज्या आगबोटींतून ते आले ती 'श्टाट लुसर्न' आजहि याच सरोवरांत चालते. मोठा राजवाडा बांधून जें साधलें नसतें, तें नुसत्या कुरणानें साधलें, असें मला वाटतें.

येथून पुढें पाण्याचा रंग गडद होतो आणि कडे जवळ येतात. फ्योन नांवाचा दक्षिणेचा ऊन वारा सुटला कीं हाच शांत फांटा खवळतो. टेल बंदिवानाच्या होडींतून खडकावर उडी मारून सुटला तो अशाच वादळांत, अशी कथा आहे. ती प्रथम लिहिली गेली १४७० च्या सुमारास, म्हणजे करारानंतर जवळजवळ पावणेदोनशें वर्षांनीं. तिच्यावर १८०४ सालीं नाटक लिहिणारा शिलर तर या देशांत कधींच आला नव्हता.

सरोवराच्या टोंकाला फ्ल्यूएलेन, आणि तेथून सुमारें तीन किलोमीटरांवर आल्टडॉर्फ. १७९९ सालीं फ्योन सुटला असतां लागलेल्या आगींत या गांवाचा मोठा भाग जळाला. चौकांत १८९५ सालचा टेलचा पुतळा आहे: खांद्यावर धनुष्य, एक हात मुलाच्या खांद्यावर, आणि पाऊल डोंगरावरून खालीं येणाऱ्या माणसाचें. संध्याकाळीं फ्ल्यूएलेनहून परतीची आगगाडी मिळते. खिडकी मात्र सरोवराच्या बाजूची धरावी.