गटाचं ग्रेडिंग आणि आम्ही

गटाचं ग्रेडिंग म्हटलं की आपल्या पोटात गोळा येतो. पहिल्या खेपेला आम्ही आदल्या रात्री बसून चार महिन्यांचं इतिवृत्त एका दमात लिहून काढलं. सगळ्या तारखांना एकच शाई! बँकेच्या साहेबांनी दोन पानं उलटली अन् वही मिटली. कर्ज लांबलं, ऐन पेरणीत सावकाराचं दार गाठावं लागलं.

पंचसूत्री आपल्याला पाठ असते: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड, अद्ययावत हिशेब. गुण त्यावरच. पण साहेबांनी अध्यक्षांना सोडून मागं बसलेल्या मावशींना विचारलं, "गटात व्याज किती?" मावशी पदराआड झाल्या. चूक त्यांची नव्हती, वही आम्ही दोघीतिघीच बघायचो.

आता दर बैठकीत हिशेब मोठ्यानं वाचतो. कुणाचा हप्ता थकला तर कारणासकट लिहितो, झाकत नाही. पुढच्या खेपेला त्याच मावशींनी, सहीऐवजी अंगठा देणाऱ्या, गटाची शिल्लक रुपयासकट सांगितली. साहेबांनी वहीत ताडून पाहिली. आम्ही चहा सांगायचाच विसरलो.